यंत्र हाडे पाहते, मिशा नव्हे

सान्तोसच्या किनाऱ्यावर उभी असलेली 'मारे मान्सा' ही इमारत कलली आहे, हे तिच्यात राहणारा कोणीही मान्य करीत नाही. टेबलावर ठेवलेले लिंबू समुद्राच्या दिशेने घरंगळत जाते, ही गोष्ट खरी; परंतु लिंबू गोल असते म्हणून ते घरंगळते, असे सेउ (म्हणजे श्रीयुत) नोरिव्हाल पेस्ताना यांचे प्रतिपादन होते. सेउ नोरिव्हाल हे इमारतीचे सिंदिको, म्हणजे रहिवाशांनी निवडून दिलेले कारभारी असल्यामुळे, त्यांचे मत हेच इमारतीचे अधिकृत मत समजले जाई. बंदराच्या जकात खात्यात परदेशी कप्तानांशी हुज्जत घालण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. ती सवय निवृत्तीनंतर एकदम सोडल्यास प्रकृतीला अपाय होईल, असे त्यांच्या डॉक्टरांनी नव्हे, तर त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते.

दारावर रायमुंदो होता तोवर यंत्राचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. रायमुंदोची ख्याती अशी की, दारवानाच्या दीर्घ नोकरीत त्याने एकाही रहिवाशाला चेहऱ्याने ओळखले नाही. चष्मा लावला तर आपण म्हातारे दिसू, अशी त्याला धास्ती होती. म्हणून तो येईल त्याला "या, डॉक्टर!" म्हणे आणि सर्वांना सारख्याच मायेने दार उघडून देई. एकदा दोन चोर पहिल्या मजल्यावरचा फ्रिज उचलून नेत होते, तेव्हा रायमुंदोने दार धरून ठेवले आणि "सावकाश, डॉक्टर, उंबरा आहे," अशी सूचनाही केली. पुढे तो आपल्या मूळ प्रांतात, सेआराला, लेकीकडे राहायला गेला. निरोपाच्या वेळी त्याने सेउ नोरिव्हालना कडकडून मिठी मारली, डोळे पुसले आणि विचारले, "आपण कितव्या मजल्यावर असता, डॉक्टर?"

सिंदिकोपदावरील मनुष्याला हा प्रश्न जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. सेउ नोरिव्हाल यांनी त्याच आठवड्यात चेहरे ओळखणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू केली.

यंत्र विकणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी व्हांदरले हे गुबगुबीत, घामट आणि कमालीचे आशावादी गृहस्थ होते. "याला आम्ही लाखो चेहरे दाखवलेत," ते म्हणाले. "पोराला कसं, ही बघ गाय, ही बघ मांजर, असं दाखवत जातो ना? तसंच. आणि आता तर ते आपलं आपण शिकतं. तुम्ही जितक्यांदा दारातून जाल तितकं ते तुम्हाला पक्कं ओळखेल. शिकतंय हो ते, एकसारखं शिकतंय!"

"मिशी वाढवली तर?" सेउ नोरिव्हाल यांनी जकात खात्याच्या नजरेने विचारले.

"यंत्र हाडं बघतं, सेउ नोरिव्हाल! दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा दांडा, जबड्याचा कोन. बाकी मिशा, दाढ्या, टक्कल, सगळं वरवरचं."

'यंत्र हाडे पाहते, मिशा नव्हे' या वाक्यातील डौलाने सेउ नोरिव्हाल इतके मोहित झाले की, पुढचे कित्येक दिवस ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे वाक्य ऐकवीत राहिले. लिफ्ट बंद असली तर जिन्यात ऐकवीत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना आता ऊत आला. चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य डॉक्टर आमिल्कार म्हणाले, "चेहऱ्यावर कसला भरवसा ठेवता? माणूस दातांनी ओळखावा. यंत्राला सांगा, आधी प्रत्येकाला आ करायला लावायचा." सेउ नोरिव्हाल यांच्या पत्नी दोना (म्हणजे श्रीमती) इरासी यांचा आक्षेप अधिक घरगुती होता. "परवा बाजारात तुम्ही माझ्यासारखा हिरवा कोट बघून भलत्याच बाईच्या हातात भाजीची पिशवी दिलीत. ते यंत्र आधी तुम्हाला बसवून घ्या, मग दाराला."

खरा विरोध आला तो सहाव्या मजल्यावरून. तेथे दोना बेलार्मिना राहत. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि संपूर्ण इमारतीत सेउ नोरिव्हाल यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकच व्यक्ती होती. त्या ऐकत अशासाठी की, नंतर त्याच्या चिंध्या करता याव्यात. येत्या सभेत त्या सिंदिकोपदासाठी उभ्या राहणार, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होते. सेउ नोरिव्हाल यांना तर ते इतके ठाऊक होते की, त्यांनी इमारतीच्या नियमावलीत तीन नवी कलमे घालून घेतली. पहिले : जो रहिवासी दुसऱ्या कोणाला आपल्या ओळखीवर आत घेईल, त्याचे त्या वर्षीचे मत बाद होईल. दुसरे : सभेच्या दुसऱ्या पुकाऱ्याला जो उमेदवार सभागृहात हजर नसेल, त्याची उमेदवारी संपेल. (दोना बेलार्मिना दर रविवारी समुद्रात पोहायला जात आणि ओल्या केसांनी उशिरा येत, हे या कलमाचे मूळ.) तिसरे : मते समसमान पडल्यास चालू सिंदिकोच पुढे राहील. ही कलमे आपण कोणा व्यक्तीकडे पाहून केलेली नाहीत, असे ते शपथेवर सांगायला तयार होते. मात्र शपथ घ्यायला कोणी सांगितले नाही.

यंत्र बसवायला आलेल्या व्हांदरलेंनी भिंतीला पाणसळ लावली, काढली आणि पुन्हा लावली.

"बुडबुडा मध्ये येत नाहीये," ते हळूच म्हणाले.

"पाणसळ बदला," सेउ नोरिव्हाल म्हणाले.

यंत्र अखेर भिंतीच्या कलाने बसले. त्यापुढे उभे राहताना मान किंचित डावीकडे झुकवावी लागे; पण 'मारे मान्सा'तील रहिवाशांची मान वर्षानुवर्षे तशीच झुकलेली असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात आले नाही. दार उघडताना यंत्र मंजूळ स्त्रीस्वरात नाव पुकारी. आपल्या नावाआधी पदाचा उल्लेख झाला पाहिजे, असा आग्रह सेउ नोरिव्हाल यांनी धरला आणि तो मान्य झाला. यंत्राविषयीची तक्रार फक्त सिंदिकोनेच करायची, असे आणखी एक कलमही त्यांनी जाता जाता नियमावलीत घातले.

उरली चेहऱ्यांची नोंदणी, आणि तीच होईना. कोणाला वेळ नाही, कोणाचे केस कापायचे राहिलेले, कोणाला सर्दीने नाक सुजलेले. रहिवासी एकत्र येतात असा वर्षात एकच दिवस, तो म्हणजे अंगणातली जूनची जत्रा. संत जॉनच्या नावाने होणाऱ्या या जत्रेत मक्याचा केक, शेंगदाण्याची पासोका आणि आल्याची गरम दारू असते, म्हणून एरवी कोणाचे तोंड न पाहणारेही झाडून खाली उतरतात. सेउ नोरिव्हाल यांनी जाहीर केले की, नोंदणी जत्रेतच होईल.

"अहो, पण जत्रेत सगळे गावंढळाचं सोंग घेऊन येतात!" दोना बेलार्मिना म्हणाल्या. "जाळलेल्या बुचाच्या मिशा, गालांवर ठिपके, एक दात काळा केलेला. तसेच फोटो काढणार?"

सेउ नोरिव्हाल या प्रश्नाची वाटच पाहत होते. "दोना बेलार्मिना," ते म्हणाले, "यंत्र हाडे पाहते, मिशा नव्हे."

जत्रा उत्तम झाली. व्हांदरले आल्याच्या दारूचा पेला एका हातात आणि कॅमेरा दुसऱ्या हातात घेऊन फिरत होते आणि प्रत्येक फोटोबरोबर "हाडं! हाडं!" असे ओरडत होते. मिशीवाला न्यायाधीश, ठिपकेवाली वकीलबाई, भरघोस मिशीचा, एक दात काळा केलेला बँकेचा व्यवस्थापक, सर्वांची नोंद झाली. डॉक्टर आमिल्कार यांची पाळी आली तेव्हा ते पेला भरून घ्यायला गेले होते. त्यांच्या जागी मक्याच्या ताटांशेजारचे बुजगावणे उभे होते. व्हांदरलेंनी त्याचा फोटो काढला आणि "थोडं हसा, डॉक्टर," असे वरून म्हटले.

जत्रेतला मुख्य खेळ म्हणजे लुटुपुटीचे लग्न. त्यात पोटाला उशी बांधलेली नवरी पळपुट्या नवऱ्याला धरून ठेवते आणि नवरीचा बाप लाकडी बंदूक रोखतो. नवरानवरी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. चिठ्ठ्यांचा निर्णय अंतिम, हा नियमही सेउ नोरिव्हाल यांचाच. त्या वर्षी नवरा म्हणून दोना बेलार्मिना निघाल्या आणि नवरी म्हणून स्वतः सिंदिको. पत्करलेले काम चोख करावे, अशा विचाराचे ते गृहस्थ होते. मच्छरदाणीची ओढणी, लाल ओठ, गालांवर ठिपके आणि पोटावर सोफ्याची उशी, अशा थाटात त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि गालाला गाल असा काही दाबला की, बुचाची मिशी त्यांच्याही गालावर उमटली. नेमक्या त्या क्षणी व्हांदरले ओरडले, "हाडं!"

सोमवारी सकाळी फिरायला गेलेले रहिवासी परत आले आणि दार उघडेना.

"चेहरा ओळखता आला नाही," यंत्र मंजूळपणे म्हणाले. "कृपया आपला नेहमीचा चेहरा करावा."

न्यायाधीशांनी नेहमीचा चेहरा केला. मग अधिक नेहमीचा केला. शेवटी संतापून त्यांनी जो चेहरा केला, तो त्यांच्या न्यायालयात पुष्कळांनी पाहिला होता. यंत्रावर त्याचाही परिणाम झाला नाही. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची एक बाई, जी जत्रेनंतर बहिणीकडे मुक्कामाला गेली होती, काल रंगवलेल्या तोंडानेच परतली आणि यंत्र आनंदाने म्हणाले, "स्वागत असो!" फाटकाबाहेरच्या गर्दीला सारा उलगडा त्या एका स्वागतात झाला.

सेउ नोरिव्हाल यांनी व्हांदरलेंना फोन लावला. "तुमचं यंत्र मिशा बघतंय!"

"म्हणजे बघा, किती बारकाईनं बघतंय!" व्हांदरले म्हणाले. "काळजी नको. त्याला सवय लावा. आज पूर्ण मिशी रंगवून जा, उद्या थोडी कमी, परवा आणखी कमी. ते शिकत जाईल. घाई मात्र करू नका. दूध तोडताना कसं करतात, तसंच."

आणि 'मारे मान्सा'चे दूध तोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. फाटकासमोरच्या झाडाला आरसा टांगला गेला. खाली डब्यात जाळलेली बुचे ठेवली गेली. न्यायाधीश हातातली बॅग दोन पायांत धरून मिशी रेखाटीत, वकीलबाई ठिपके देत, आणि मागचा पुढच्याला म्हणे, "उरका की हो, मला पण कामं आहेत." किनाऱ्यावर डॉमिनो खेळणारे म्हातारे आपले टेबल उचलून समोर घेऊन आले. मक्याची कणसे विकणाऱ्याने गाडी तिथेच लावली, कारण गिऱ्हाईक हलत नव्हते. बँकेच्या व्यवस्थापकांनी उतावळेपणाने दुसऱ्याच दिवशी मिशी निम्मी केली, तर यंत्राने त्यांना साफ नाकारले आणि पुन्हा भरघोस मिशीपासून सुरुवात करावी लागली. डॉक्टर आमिल्कार यांचा प्रश्न निराळा होता. ते बुजगावणे काखेत मारून येत, त्याचे तोंड यंत्रापुढे धरीत, आणि यंत्र म्हणे, "स्वागत असो, डॉक्टर आमिल्कार!" क्रमाक्रमाने ते स्वतःचे तोंड बुजगावण्याच्या तोंडाजवळ आणू लागले. यंत्र शिकत होते.

एकटे सेउ नोरिव्हाल शिकवायला तयार नव्हते. जकात खात्यात ज्याच्या सहीशिवाय जहाज हलत नसे, त्याने भर रस्त्यात ओठ रंगवून, डोक्यावर मच्छरदाणी घेऊन स्वतःच्या घरात शिरावे? त्यांनी वेगळी वाट काढली. डॉक्टर आमिल्कार बुजगावणे घेऊन येण्याच्या वेळेस ते फाटकाशी हजर असत आणि बुजगावण्याचे पाय उचलू लागत.

"म्हणजे आमचे सिंदिको बुजगावण्याच्या ओळखीवर घरात जातात!" दोना बेलार्मिना म्हणाल्या. "पहिलं कलम काय म्हणतं?"

"बुजगावणे ही वस्तू आहे," सेउ नोरिव्हाल उत्तरले. "वस्तू उचलणाऱ्याला हमाल म्हणतात. आणि बुजगावण्याला मत नसते, त्यामुळे त्याचे मत बाद होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

"तुम्ही स्वतःला हमाल म्हणवून घेता, पण लिपस्टिक लावत नाही. धन्य आहे बाई तुमची."

घरी दोना इरासींनीही समजावले. "माझे ठिपके आता तीनावर आलेत. तुम्ही सुरुवात तरी करा. सगळे सुटतील आणि तुम्ही एकटे राहाल अडकून."

"यंत्र हाडे पाहते," सेउ नोरिव्हाल तोंडातल्या तोंडात म्हणाले. पण वाक्यातला डौल आता राहिला नव्हता.

सभेचा रविवार उजाडला तोवर इमारतीतल्या मिशा विरून गेल्या होत्या. प्रत्येकजण स्वतःच्या उघड्या चेहऱ्याने ये-जा करीत होता. डॉक्टर आमिल्कार यांनी बुजगावणे माळ्यावर टाकले होते. ही गोष्ट सेउ नोरिव्हाल यांना कोणी सांगितली नाही, आणि तेही दाढी-केस करायला न्हाव्याकडे गेले होते. कारण सभेपुढे जाताना मान मागून स्वच्छ दिसली पाहिजे, असे त्यांचे तत्त्व होते. न्हाव्याकडे गर्दी होती. ते परतले तेव्हा फाटकापाशी चिटपाखरू नव्हते.

"चेहरा ओळखता आला नाही. कृपया आपला नेहमीचा चेहरा करावा."

वरून डॉक्टर आमिल्कार यांचा आवाज आला. सभेचे अध्यक्ष तेच होते. "पहिला पुकारा झाला हो! कुठे आहात सेउ नोरिव्हाल?"

"खाली आहे! बुजगावणं आणा!"

"माळ्यावर आहे, आणि शिडी जत्रेत मोडली!"

तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दोना इरासी आल्या. "इरासी, खाली ये आणि आतून दार उघड!"

"उघडते की. पण मग माझं मत बाद होईल. तुमचंच कलम. माझं मत मी तुम्हालाच देणार होते. घालवू?"

सेउ नोरिव्हाल यांनी हिशेब केला. त्यांच्या बाजूचा जो कोणी दार उघडेल त्याचे मत जाईल, आणि दुसऱ्या बाजूचे कोणी उघडणार नाही. कलम इतके निर्दोष रचले होते की, त्यात शिरायला फट नव्हती. आपल्याच गद्याविषयी त्यांना त्या क्षणी अभिमान आणि शिसारी एकदमच वाटली.

"मग नवरीचे कपडे टाक," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"नवरीचे कपडे!" सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेले. डॉमिनोच्या टेबलावरचे म्हातारे आपापल्या खुर्च्या वळवून बसले.

दोना इरासींनी गाठोडे सरळ खाली सोडले. इमारत कललेली नसल्यामुळे ते सरळच पडायला हवे होते; पण ते फाटकापासून बरेच दूर जाऊन पडले आणि ओढणी झाडात अडकली. डॉमिनोवाल्यांनी काठीने ती काढून दिली. सेउ नोरिव्हाल यांनी सुटावरून झगा चढवला आणि आरशात पाहून ओठ रंगवले.

"वरचा ओठ राहिलाय, साहेब," एक म्हातारा म्हणाला.

"उशी घ्या, उशी!" कणीसवाल्याने सुचवले. "जत्रेत होती की."

"यंत्र चेहरा पाहते, पोट नव्हे," सेउ नोरिव्हाल कडाडले. तरी त्यांनी उशी घेतली. अशा प्रसंगी उगाच धोका कशाला पत्करा?

यंत्र म्हणाले, "चेहरा ओळखता आला नाही."

त्यांनी ठिपके वाढवले. मान डावीकडे झुकवली. लाजून पाहिले. समोरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राने नकार दिला. मग एकाएकी त्यांना तो फोटो आठवला. गालाला गाल. त्यांच्या नावापुढे यंत्राने जो चेहरा नोंदवला होता, त्यात एक डोळा त्यांचा होता आणि दुसरा दोना बेलार्मिनांचा. ते फाटकाशेजारच्या पायरीवर मटकन बसले. उशी पोटावरून सरकून गुडघ्यांवर आली. आपण आता हरलो, आणि तेही एक शब्द न बोलता हरलो, हे त्यांना कळून चुकले. सिंदिकोपद गेले असते तर एक वेळ चालले असते. पण भाषण आत खिशात होते.

फाटकाचा खटका वाजला. दोना बेलार्मिना बाहेर आल्या. केस ओले नव्हते. त्या आज पोहायला गेल्याच नव्हत्या. त्यांच्या मागे फाटक बंद झाले.

"उठा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला तर बिनविरोध..."

"बिनविरोध!" दोना बेलार्मिनांनी डब्यातले बूच उचलले आणि आरशात बघून झरझर मिशी रेखाटली. "गेले कित्येक दिवस मी तुमच्या कारभाराचे वाभाडे काढणारं भाषण पाठ करतेय. ते कुणापुढे करू? तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढे? इथे दुसरं कोणी आहे का ज्याच्याशी धड भांडता येईल? डॉक्टर आमिल्कारशी भांडू? तो तर दाढ दुखते का म्हणून विचारतो. या इकडे. गाल आणा."

"दुसरा पुकारा करतोय हो!" वरून आरोळी आली.

सेउ नोरिव्हाल यांनी दोना बेलार्मिनांच्या गळ्यात हात टाकले. गालाला गाल लागला. बुचाची मिशी दोघांच्याही गालांवर पसरली. यंत्र क्षणभर थांबले, जणू काही आठवत होते.

"स्वागत असो, सिंदिको नोरिव्हाल पेस्ताना!"

किनाऱ्यावर जल्लोष झाला. ती जोडी तशीच गळामिठी मारून जिना चढली आणि दुसऱ्या पुकाऱ्याचे शेवटचे अक्षर हवेत असतानाच सभागृहात शिरली.

सभा कशी झाली याचे वर्णन करण्याचे कारण नाही. दोन्ही भाषणे अप्रतिम होती. दोना बेलार्मिना मिशीसकट बोलल्या आणि त्यांनी पाणसळीपासून बुजगावण्यापर्यंत एकही गोष्ट सोडली नाही. सेउ नोरिव्हाल ओढणी मागे सारून, एक हात उशीवर ठेवून बोलले. हात वर झाले, मोजले गेले, पुन्हा मोजले गेले. मते समसमान पडली.

"तिसरं कलम!" डॉक्टर आमिल्कार सुटकेचा श्वास टाकीत म्हणाले. "सेउ नोरिव्हाल कायम. चला, कॉफी आहे."

टाळ्या सुरू झाल्या. दोना इरासींनी डोळे पुसले. सेउ नोरिव्हाल मात्र उभेच राहिले. त्यांच्या कपाळावर अशी आठी पडली होती की, जकात खात्यातल्या कोणीही ती ओळखली असती.

"एक मिनिट," ते म्हणाले. "दारातून आम्ही दोघे आत आलो. यंत्राने नाव पुकारले ते एकट्याचे, माझे. म्हणजे दोना बेलार्मिना माझ्या ओळखीवर आत आल्या. पहिल्या कलमानुसार माझे मत बाद आहे."

दोना इरासी कुजबुजल्या, "बसा हो खाली."

"काहीतरीच!" दोना बेलार्मिना उसळल्या. "मी इथली रहिवासी आहे. मला कोणाच्या ओळखीची गरज नाही. यंत्र मला स्वतंत्रपणे ओळखतं."

"ओळखते, हे मान्य. पण आज ओळखले का? तुमचे नाव पुकारले का?"

"अहो, पण अर्धा चेहरा माझा होता!"

"चेहरा अर्धा तुमचा, नाव पूर्ण माझे. कलमात 'ओळख' असा शब्द आहे, 'चेहरा' असा नाही. मी तो विचारपूर्वक वापरला होता."

"मी तुम्हाला आत आणलं, तुम्ही मला नाही!"

"मग आपल्याला उघड्या तोंडाने माझ्याशिवाय आत येता येत होते, तरी आपण माझ्या नावावर का आलात?"

दोना बेलार्मिनांनी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. मिशीखाली ओठ हलले, पण शब्द आला नाही. इतक्या वर्षांच्या भांडणात पहिल्यांदाच त्या निरुत्तर झाल्या होत्या, आणि सेउ नोरिव्हाल यांच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर असे काही तेज चढले की, खुद्द त्यांच्या लग्नातही ते दोना इरासींना दिसले नव्हते. ते वाद जिंकले होते. सिंदिकोपद एका मताने गेले, ही किरकोळ गोष्ट त्यांच्या ध्यानात कॉफीच्या वेळी आली.

दुसऱ्या दिवसापासून ते यंत्राला आपल्या चेहऱ्याची सवय लावण्याच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी दोना बेलार्मिना शेजारी उभ्या राहिल्या. पुढे त्या हळूहळू एकेक पाऊल मागे सरत गेल्या. झग्याची गरज नव्हती हे कळायलाही सेउ नोरिव्हाल यांना दोन दिवस लागले. परंतु यंत्रही शिकत होते, आणि त्याने आपल्या परीने काय शिकायचे ते शिकून घेतले. एके सकाळी नव्या सिंदिको दोना बेलार्मिना एकट्याच समुद्रावरून ओल्या केसांनी परतल्या, फाटकापुढे उभ्या राहिल्या, आणि यंत्र मंजूळ स्वरात म्हणाले,

"स्वागत असो, सिंदिको नोरिव्हाल पेस्ताना!"

झाडाखाली आरशापुढे ओठांवरचा शेवटचा, फिकट लाल रंग लावीत असलेले सेउ नोरिव्हाल थबकले.

"तक्रार करायला हवी," ते म्हणाले.

"करा की. पण यंत्राची तक्रार फक्त सिंदिकोनं करायची, असं तुमचंच कलम आहे ना?" दोना बेलार्मिना म्हणाल्या. "आणि यंत्राच्या मते सिंदिको तुम्ही आहात. पण उघड्या तोंडानं तर तुम्हाला ते अजून ओळखतच नाही." आणि त्या आत निघून गेल्या.

तेव्हापासून दर सकाळी त्या पोहून येण्याच्या सुमारास सेउ नोरिव्हाल कडक इस्त्रीचा सदरा घालून फाटकासमोरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसतात. यंत्र पुकारते. ते वर्तमानपत्रावरून किंचित वर पाहतात आणि मान झुकवून ते स्वागत स्वीकारतात. मान डावीकडे झुकते, पण त्याचा इमारतीशी काही संबंध नाही.